पाचवी उणीव

हे मी रचून सांगत नाही. रचायचंच असतं तर अमावास्येची रात्र घातली असती. हे घडलं भर दुपारी, बारामतीत, १९९८ च्या मे महिन्यात. वार मंगळवार. घडलं ते माझ्या चुलतभावाच्या, नागेशदादाच्या बाबतीत.

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका.

नागेश मूळचा कन्हेरीचा. बापजाद्यांनी, अगदी वडील म्हस्कूआबांनीही, मेंढरं राखली. हा मात्र बारामतीत, एसटी स्टँडसमोरच्या माडीवर, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. "म्हस्कूनं मेंढरं राखली अन् पोरगं उंदीर राखतंय," असं गाव त्याच्या माउसवरून चिडवायचं. तो हसून सोडून द्यायचा.

त्याला आणखी एक नाद होता. कॉम्प्युटरवरचे गेम खेळायचे आणि त्यांच्यावर लिहायचं. इंदापूरचे सावळारामतात्या एक साप्ताहिक काढत. त्यांनी त्याला शेवटच्या पानावर एक रकाना दिला होता. आधी पाच जमेच्या बाजू, मग पाच उणिवा. चार चालणार नाहीत आणि सहाही नाहीत, असा तात्यांचा दंडक होता.

त्या आठवड्यात त्याच्या हाती एका भुताच्या गेमचा दुसरा भाग आला. गेम विलायती. पहिला भाग त्यानं दोनदा संपवलेला. यात खेळणारा स्वतःच एका ओसाड घरात फिरतो. पडद्यावर दिसतात ते फक्त आपले हात आणि हातातला कंदील. घरात कुठंतरी एक बाई असते.

ती गुणगुणत असते…

जमेच्या बाजू भराभर लिहून झाल्या. आवाज पहिल्या भागापेक्षा कितीतरी सरस. बाई दिसत नाही, नुसती ऐकू येते, म्हणून भीती शेवटपर्यंत टिकते. दार उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात हातांना घाम फुटतो. अशा पाच.

मग उणिवा. कंदील फार लवकर विझतो. सगळ्या खोल्या सारख्याच. कोडी पहिल्या भागातलीच. आणि गेम मध्येच अडकतो.

चार झाल्या. पाचवी काही सुचेना.

एकची इंदापूर गाडी खाली स्टँडला लागली होती. लेखाचं पाकीट तात्यांसाठी कंडक्टरच्या हाती द्यायचं होतं. घाईघाईत त्यानं गेममधल्या शेवटच्या खोलीत आणखी एक चक्कर मारली. तिथं एक छोटी खाट होती. खाटेखाली छोटेसे बूट. त्यानं पटकन लिहून टाकलं, 'पाच. घरात लेकराची खाट आहे, बूट आहेत, पण लेकरूच नाही. बाई एकटीच. एखादं लेकरू हवं होतं.'

आणि गुणगुणणं थांबलं…

गेम अडकला असेल, असं त्याला वाटलं. चौथ्या उणिवेत तेच तर लिहिलं होतं.

खाली जाऊन त्यानं पाकीट दिलं. गाडी सुटली. तो पुन्हा माडीवर आला. सुट्टीचे दिवस, क्लासमध्ये चिटपाखरू नव्हतं. त्यानं गेम बंद केला. कॉम्प्युटर बंद केला. भिंतीवरच्या बोर्डाची सगळी बटणं बंद केली. पंखाही फिरायचा थांबला. मग चपला घालता घालता, सवयीनं, तो त्या रिकाम्या खोलीला म्हणाला…

"येतो."

त्यांच्या घरात निघताना कुणी 'जातो' म्हणत नसे. म्हस्कूआबा तर मेंढरांचा मुक्काम हलवताना मागच्या मोकळ्या रानालाही 'येतो' म्हणून निघत.

पाठीमागून आवाज आला…

"नगं. मीच येते."

बाईचा आवाज. बंद स्पीकरमधून.

विलायती गेममधली बाई 'नगं' कशाला म्हणेल?

जिना तो कसा उतरला, त्याला आजही आठवत नाही. सायकलवर टांग टाकली तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता. येते, म्हणजे कुठं?

मग त्याला आपणच लिहिलेली ती ओळ आठवली. आणि घरी त्याची चार वर्षांची छकुली होती.

घराचं दार सताड उघडं होतं. म्हाळसावहिनी गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. छकुली उंबऱ्यावर बसलेली. एकटी. त्यानं तिला उचलून छातीशी धरलं. हात, पाय, केस, सगळं चाचपून पाहिलं. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं.

"छकुले, कोन आलं हुतं का गं?"

"मावशी आलती."

"कंची मावशी?"

छकुलीनं खांदे उडवले.

"निघताना येते म्हनली."

"मग? तू काय म्हनलीस?"

आईनं शिकवलेलं तिनं शहाण्यासारखं सांगितलं.

"मी म्हनलं, या."

वहिनी गच्चीवरून वाकून बघत होती.

"कसली मावशी? मी हितं वरच हाय की. हिचा एकटीचाच आवाज येत हुता. मग त्यो बी थांबला."

तीनच्या सुमाराला तो छकुलीला कडेवर घेऊन एसटीडी बूथवर गेला. तिला खाली ठेवायची त्याची हिंमत होत नव्हती. ती ओळ छापली जाऊ नये, कुणी वाचू नये, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं इंदापूरला फोन लावला.

"तात्या, नागेश बोलतोय. पाकीट मिळालं का? ती पाचवी उणीव तेवढी छापू नगा. खोडून टाका."

पलीकडं कागदाची सळसळ झाली…

"कुठली पाचवी रं? चारच हायत."

"नीट बघा, तात्या. ती लेकराची."

"बघतुय की. पाचाचा आकडा हाय, म्होरं कोरं हाय." तात्या हसले. "का आता उणीवच ऱ्हायली न्हाय?"

नागेशनं फोन ठेवला. कडेवरची छकुली त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. छकुली मोठी झाली, तिचं लग्न झालं. लहानपणी ती आमच्या भावकीत नंबर एकची रडकी होती. पण त्या मंगळवारनंतर तिला रडताना कुणी पाहिलेलं नाही. शाळेत हात मोडला तेव्हा नाही. म्हस्कूआबा गेले तेव्हा नाही. तिच्या पाठवणीला सगळा मांडव रडला, तिचे डोळे कोरडेच. वहिनी म्हणते, पोर धीराची आहे. मला मात्र अजूनही तिच्यासमोर एकटं बसवत नाही.

तिची पाठवणी झाली त्या संध्याकाळी मी नागेशदादाला म्हटलं, "दादा, लई घट्ट मनाची पोर तुझी. एक टिपूस न्हाय काढलं."

तो खाली बघत म्हणाला…

"रडत असंल रं ती. पर हितं न्हाय."