ताईचं माप

त्या दिवशी मी घरी गेले ती फक्त बाबांचा माप घ्यायचा टेप आणायला.

बाबा जन्मभर शिंपी. हल्ली विसरायचे, पण गाडी रुळावर होती. मग लघवीत जंतुसंसर्ग झाला, दवाखान्यात आणलं, आणि दिवस कलला की ते भ्रमात जायला लागले. मलाही ओळखेनात. चादरीची कड चिमटीत धरून टाके घालायचे आणि सलाइनची नळी म्हणजे लोंबणारा दोरा समजून उपटायचे. सिस्टर वाईट नव्हत्या, पण म्हणाल्या, "आता पुन्हा उपटली तर हात बांधावे लागतील हं." ज्या हातांनी आम्हांला जेवू घातलं, ते बांधायचे? म्हणून हा टेप. हातांना काम मिळालं तर कदाचित...

टेप हातात येताच बाबा शांत झाले. खाट आणि खिडकीमधल्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाले, "ताई, ताठ उभी राहा."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सहा वर्षांची असताना तापाने गेली, माझ्या जन्माआधीच. मी तिचेच फ्रॉक घालून वाढले.

"केवढी वाढलीस गं!" बाबा हसले. मग माझ्यावर खेकसले, "बाई, बघत काय बसलात? टोक धरा. तिच्या खांद्यावर."

मी हवेत टोक धरलं.

"वर... अजून वर. तुमच्याहून उंच आहे ती."

खिडकीतला उजेड विझत होता. औषधांच्या वासात कोऱ्या कापडाचा वास मिसळला होता. एवढ्यात सिस्टरांनी गोळ्या घ्यायला दारातून हाक मारली. टेप सोडून मी गेले, गोळ्या घेतल्या आणि वळले.

टेप खाली पडलाच नव्हता. बाबांच्या हातापासून ताणलेला, दुसरं टोक माझ्या खांद्याहून वर, हवेत...

मी ओरडले असते तर सगळे धावत आले असते, बाबा बिथरले असते, हात बांधले गेले असते. मी ओठ घट्ट मिटले.

"ताई..." मी कशीबशी पुटपुटले, "धरून ठेव... त्यांना झोप लागेपर्यंत."

बाबांचे डोळे मिटेपर्यंत ते टोक हललं नाही.

हात बांधावे लागले नाहीत. संसर्ग उतरला, आणि एका सकाळी बाबा म्हणाले, "धाकटे, काय अवतार हा! जेवलीस का?" मी लाज सोडून रडले.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा शिवला तो लांब बाह्यांचा झगा. मी घालून पाहिला, तर बाह्या बोटांवरून ओघळल्या.

"बाबा, माप चुकलं."

"माझं माप चुकत नाही. आणि तुझ्यासाठी शिवलाय म्हटलं कोणी?"

मी कडक इस्त्री करून तो दारामागच्या खुंटीला टांगला. काल संध्याकाळी सहज हात लावला. इस्त्री जशीच्या तशी होती. फक्त दोन्ही कोपरांशी आडव्या चुण्या पडल्या होत्या, अंगात घालून हात वाकवल्यावर पडतात तशा.

मी बाबांना दाखवल्या. त्यांनी चुण्यांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे बसला," ते म्हणाले, आणि दिवा लावायला उठले.