बिनकामाचे फोटो

भिवसाळ अभयारण्यातला प्रत्येक नवा कॅमेरा फोटो पाठवण्याआधी विचार करत असे. जुने कॅमेरे बापडे भोळे. वाऱ्याने गवत हललं तरी शंभर फोटो धाडत. जंगलात मोबाइलचं नेटवर्क आधीच तोळामासा, त्यात हा पसारा. म्हणून हे कॅमेरे बनवणाऱ्या डॉ. श्रीपाद रायकरांनी कॅमेऱ्याला ‘पारख’ दिली होती. वनरक्षकाने आलेल्या फोटोवर ‘कामाचा’ किंवा ‘बिनकामाचा’ अशी खूण करायची. त्या खुणांवरून कॅमेरा शिके आणि नको असलेले फोटो न पाठवता पोटातच ठेवी.

तीन महिन्यांची चाचणी वनरक्षक शेवंता उईकेकडे होती. बिबट्या, अस्वल, रानकुत्रे तिने इमानाने कामाचे ठरवले. ते थेट वनाधिकारी साहेबांकडे जात. पण मोहफुलं वेचणाऱ्या बायांचेही फोटो येत. अभयारण्यात वेचायला बंदी. साहेबांनी पाहिलं की गुन्हा दाखल. बाया तिच्याच गावच्या. शेवंता मुकाट्याने ‘बिनकामाचा’ दाबी. महिन्याभरात बाया फोटोत यायच्या थांबल्या आणि तिला हायसं वाटलं.

मग तिची सोनाकाकू जंगलात हरवली.

शेवंताचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर पाच मिनिटांनी ती फोन उघडी. ओढ्याकाठच्या कॅमेऱ्यातून चितळं आली, मोर आला, माणूस नाही. तिकडे कोणी गेलंच नाही, असं तिनेच ठासून सांगितलं आणि अख्खं गाव दोन दिवस उलट्या बाजूच्या डोंगरात पायपीट करत राहिलं.

तिसऱ्या दिवशी एका गुराख्याला काकू सापडली ती ओढ्याकाठी, कॅमेऱ्याच्या ऐन समोर. पाय मोडला होता, पण जीव होता. दवाखान्यात तिने शेवंताचा हात धरला.

“तूच म्हणे ना, याच्यातून तुले सारं दिसते? म्हणून सरकत सरकत तिथं येऊन बसली. दोन दिवस हात करत होती, पोरी. तू काहून नाही आली?”

शेवंताने बाहेर येऊन रायकरांना फोन लावला.

रायकर आले, त्यांनी कॅमेरा उघडला. काकूचे चौसष्ट फोटो, एकूण एक स्वच्छ, आणि सगळे बिनकामाचे. ते बुचकळ्यात पडले. तेव्हा शेवंताने सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की पारख सगळ्या चाळीस कॅमेऱ्यांना मिळून एकच असते. तिने झाकलेल्या बाया आता जंगलात कुठेच दिसत नाहीत. यावर उपाय सोपा होता. हे चौसष्ट फोटो कामाचे ठरवायचे, दोन दिवसांत सगळे कॅमेरे सुधारतील.

“मग फुलं वेचणाऱ्याही दिसतील?”

“दिसतील. कॅमेऱ्याच्या लेखी दोघी सारख्याच.”

“मदत मागणारी कोण अन् वेचणारी कोण, एवढं नाही का शिकवता येत, सर?”

“येतं ना, शेवंताताई,” रायकर उत्साहाने म्हणाले. “फक्त उदाहरणं लागतात. अशा पडलेल्या बायांचे आणखी दीड-दोन हजार फोटो मिळाले, की शिकेल तो.”

बोलून गेल्यावर त्यांचंही तोंड उतरलं. मोहाचा हंगाम अजून महिनाभर चालणार होता. शेवंताने काकूच्या पहिल्या फोटोखाली बोट नेलं, आणि दोन्हींपैकी एकही खूण तिला दाबवेना.