राजूरचा ठोका

राजूरला उकंडा नगराळ्यांच्या घरामागे जमिनीतून एक जाड लोखंडी पाइप वर आलेला आहे. जुन्या खाणीतलं पाणी एके काळी त्यातून बाहेर पडायचं. खाण बंद झाली, पंप निघाले, खालचे बोगदे पाण्यानं भरले. पाइप तेवढा राहिला. रुखमाबाई त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालायची. उकंडाचा सगळा जन्म त्याच खाणीत पंपखलाशी म्हणून गेला होता, आणि निवृत्त झाल्यावरही त्याची खाट पाइपाशेजारीच असायची.

"माही सवत हाय ते लोखंड," रुखमाबाई म्हणायची. "माह्याजवळ इतका वेळ कधी बसला नाही हा मानूस."

"तू गरम होते, ते थंड रायते," उकंडा म्हणायचा.

त्यांची थोरली मुलगी ममता वणीला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती, घरूनच जा-ये करायची. गावोगावच्या बोअरचं पाणी यायचं, त्यातलं फ्लोराइड मोजायचं, आकडा द्यायचा. खात्री नसेल तर ती आकडा देत नसे. पुन्हा मोजत असे. घरात तिच्या या सवयीची थट्टा व्हायची. सगळ्यात जास्त थट्टा धाकटा अतुल करायचा. तो नौदलात होता, जहाजाच्या इंजिनखोलीत. पन्नास वर्षं टिकलेला शंखबेटाचा तह गेल्या पावसाळ्यात मोडला, युद्ध सुरू झालं, आणि अतुलची नौका त्या बेटावरच्या तळावर गेली. राजूरमध्येही खिडक्यांना काळे कागद लागले. "इथवर बॉम्ब टाकाले याचं तं त्याईचं डिझेलच पुराचं नाही," असं उकंडा चारचौघांत सांगायचा. पण अतुलचा फोन आला नाही की त्या दिवशी तो जेवायचा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाइपाला घाम येऊ लागला.

बाकी सगळं अंगण तापलेलं असताना तो मात्र गार आणि ओला. रुखमाबाईच्या चादरीवर पांढरे ओघळ उमटले. खाणीच्या पाण्यात क्षार असतात, त्यात नवल काही नव्हतं. तरीही ममतानं पाइपावरून निथळणारं पाणी बाटलीत धरलं आणि प्रयोगशाळेत नेलं. क्लोराइडचा आकडा मोजपट्टीच्या बाहेर गेला. तिनं पाणी पातळ करून पुन्हा मोजलं, मग आणखी एकदा. खाणीच्या पाण्यात इतकं मीठ नसतं. इतकं मीठ समुद्रात असतं. कुठंतरी बाटल्यांची अदलाबदल झाली असणार, असं ठरवून तिनं ते पाणी मोरीत ओतलं.

त्यानंतर लवकरच एका सकाळी पाइप वाजला.

उकंडा चहा पीत होता. आवाज बारीक होता, खूप खोलातून आल्यासारखा. थोडा वेळ वाजे, थांबे, पुन्हा वाजे. उकंडानं कप खाली ठेवला, भिंतीशी टेकलेला मोठा पाना उचलला आणि पाइपावर सावकाश तीन ठोके मारले. आतला आवाज थांबला. मग एकच ठोका आला.

"पाह्यलं?" उकंडाचा चेहरा पांढरा पडला होता. "जवाब देल्ला."

खाणीतला तो जुना रिवाज होता. पाणी फुटून माणसं खाली अडकली की ती पाइपावर ठोकत. वरच्यानं हातातलं काम टाकून तीन ठोके द्यायचे: आम्ही येतो, हलू नका, बसून राहा. खालच्यांनी एक द्यायचा: बसलो. अंधारात वाट शोधायला निघालेली माणसं मरत, बसून राहिलेली वाचत. राजूरच्या पोरांना हे चालायला लागल्यापासून ठाऊक असे. अतुल लहानपणी ताटावर चमच्यानं तीन ठोके मारून जेवण मागायचा.

"बाबा, ऊन पडलं की लोखंड फुगते," ममता म्हणाली. "फुगलं की वाजते."

"फुगते तं फुगू दे ना. पन माह्या ठोक्यावर चूप काहून बसते?"

तेवढ्यात शेजारच्या इंदुताई धावत आल्या आणि त्यांनी टीव्ही लावायला सांगितलं.

पहाटे शंखबेटावर हल्ला झाला होता. शत्रूचं आरमार तळापर्यंत पोचलं तेव्हा गोदीत अजून दिवे होते. जहाजं जागच्या जागी बुडाली, काही उलटी झाली. बेट हातचं गेलं होतं. पडद्यावर काळा धूर होता आणि त्याच्याखाली पाण्यात एक जहाज पालथं पडलं होतं, मेलेल्या म्हशीसारखं. त्याचा नंबर रुखमाबाईला पाठ होता.

मागे अंगणात पाइप वाजत होता.

उकंडा पाइपापासून उठलाच नाही. ठोके येत, तो तीन देई, खालून एक येई. ममतानं नळाची लाइन बंद करून पाहिली. खाणीच्या ऑफिसात फोन करून विचारलं. जवळपास कुठलंही यंत्र चालू नव्हतं. दुपारपर्यंत उकंडाचा खांदा भरून आला आणि पाना त्याच्या हातून निसटला. तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"त्याहिले वाटंल, वर कोनी नाही राह्यलं."

ममतानं पाना उचलला. खाली कोणी नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाली पाणी आणि दगड होते. लोखंडावर ठोकल्यानं कोणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि बापाला तेवढाच धीर येणार होता. तिनं तीन ठोके मारले, हलके, सारख्या अंतरानं. आत बराच वेळ काही झालं नाही.

मग एक ठोका आला, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोकळा.

नौदलाकडून आधी 'बेपत्ता' असा निरोप आला, मग 'शहीद' असा. समाजमंदिरात अतुलच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, गावानं घोषणा दिल्या. पाइप आता क्वचित वाजत असे. सकाळी उकंडा तीन ठोके देई, खालून एक येई, आणि मग तो चहा घेई. ममतानं मागच्या अंगणात जाणं सोडलं.

सोयाबीन निघायच्या दिवसांत पांढरकवड्याचा परवेज आला. तो आणि अतुल एकत्रच भरती झाले होते, एकाच नौकेवर होते. मासेमारी बोटीनं त्याला उचललं होतं. कुबड्या दाराशी ठेवून त्यानं उकंडाला "जयभीम काका" म्हटलं आणि उकंडानं त्याला पोटाशी धरलं. रुखमाबाई चहा टाकायला आत गेली, उकंडा पाइपाकडे. मग परवेज ममताशी बोलला. तिच्याकडे न पाहता.

"आमी इंजिनखोलीत सात जन होतो, ताई. जहाज पालथं झालं, पन हवा होती. खालच्या दरवाज्यातून डुबकी मारून निघाची वाटबी होती. दम धरला असता तं सगळेच निघालो असतो. सगळे तयार होते."

"मंग?"

"अतुलनं पत्र्यावर पाना मारला. अन् जवाब आला. तीन ठोके. तो म्हने, हा राजूरचा ठोका हाय, बसून राहा. आमी त्याले येड्यात काढलं. बाप याद येऊन राह्यला म्हनलं तुले." परवेजनं ओठ पुसले. "दुपारून ठोका बदलला. हात हलका होता. अतुल हासला, ताई. खरंच हासला. म्हने, बाप तं कोनालेबी धीर देते, त्याचं सोडा. पन ही माही ताई हाय. खात्री केल्याबिगर ते काही सांगत नाही. ते बसा म्हनते तं बसा."

ममताची नजर मागच्या दाराकडे गेली.

"मले राहवलं नाही. मी एकटाच निघालो. त्यानं मले शिवी देल्ली."

आतून चहाचा वास आला. ममता उठली आणि मागच्या अंगणात गेली. उकंडा खाटेवर होता.

"बाबा, निघा म्हनाचं असन तं? बाहेर या म्हनाचं असन तं कसं ठोकतेत?"

उकंडानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्यामागे कुबड्यांवर उभ्या परवेजकडे पाहिलं.

"न थांबता," तो हळू म्हणाला. "थांबाचं नाही."

तिनं पाना घेतला.

ती ठोकत राहिली. शेजारच्या भिंतीवरून बायका डोकावल्या. रुखमाबाई कपबशा घेऊन दारात उभी राहिली, मग तिथंच खाली बसली. तळहात सोलले, पाना ओला झाला, तरी ममता थांबली नाही.

शेवटी हातच उठेना.

तिनं पाइपाला कान लावला.

मग आत एक ठोका पडला. शांत, समजूत घातल्यासारखा. त्याच्यामागून दुसऱ्या हाताचा. मग आणखी एका हाताचा. असे एकेक करून सहा.

प्रत्येक ठोक्याला परवेजचे ओठ हलत होते. तो नावं घेत होता. अतुलचं नाव त्यानं सगळ्यात शेवटी घेतलं.