न उडालेल्या विमानाचा प्रवास

बंगळुरूहून नागपूरला जाणारं अकरा चाळीसचं विमान रद्द झालं आणि चौथ्याच दिवशी त्यातल्या एकशे एकसष्ट प्रवाशांची भरपाई त्यांच्या खात्यात जमा झाली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी खेटे घातले नव्हते. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याचा सौदा हातचा गेला होता, त्याला साडेचार लाख मिळाले. एक जण नागपूरला पोचून दिवसभर झोपणारच होता, त्याला चाळीस रुपये. दोघांनीही कुरकुर केली नाही. त्या काळात या आकड्यांशी कुणी वाद घालत नसे.

एकशे बासष्टावी प्रवासी उत्पला देवतळे. तिच्या पत्रात आकडा होता शून्य.

उत्पलाने ते पत्र उभ्या उभ्याच तीनदा वाचलं. विमान रद्द झालं त्याच दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी नागपूरच्या रुग्णालयात तिचे वडील गेले होते. विमान वेळेवर सुटलं असतं तर ती दीडच्या आत उतरली असती. निदान दोन तास तिला त्यांच्याजवळ बसता आलं असतं. आणि त्या दोन तासांची किंमत शून्य?

पैसे तिला नकोच होते. वडिलांशी ती नऊ वर्षं बोललेली नव्हती. तिच्या घटस्फोटाच्या खटल्यात त्यांनी तिच्या नवऱ्याच्या बाजूने साक्ष दिली होती, त्या दिवसापासून. शेवटी धाकट्या भावाने, शिरीषने, फोनवर रडून सांगितलं, "ताई, ते तुझं नाव घेताहेत गं," तेव्हा तिने तिकीट काढलं. आणि विमान रद्द झालं. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला शिरीष स्वतःहून सांगत होता, "ती निघाली होती हो. विमानच रद्द झालं." हे वाक्य तिला विमान कंपनीकडून लेखी हवं होतं : आमच्यामुळे या बाईंची वडिलांशी भेट झाली नाही.

तिने अपील केलं. सुनावणीच्या दिवशी शिरीष तिला गाडीने प्रवासी न्यायाधिकरणाच्या नागपूर कार्यालयात घेऊन आला आणि खालच्या बाकावर बसून राहिला.

वरच्या मजल्यावर डॉ. शमीम मुजावर यांनी तिला खुर्ची दिली. पन्नाशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या या बाई गणितज्ञ होत्या. पर्यायमापन ही पद्धत उभी करणाऱ्या गटात त्यांनी बारा वर्षं काम केलं होतं. लोक या पद्धतीला नुसतं 'जर-तर' म्हणत.

"तुम्ही क्रिकेट बघता?" त्यांनी विचारलं.

"बघायचे. वडिलांबरोबर."

"मग सोपं आहे. चेंडू पायाला लागून थांबतो. तरी पडद्यावर तो पुढे जाताना दाखवतात, यष्टीवर आदळताना. कारण वेग, फिरकी, टप्पा, सगळं मोजलेलं असतं. आम्ही माणसांचं तेच करतो. तुमच्या मनगटावरची पट्टी नाडी मोजते, झोप मोजते. फोनला तुमचं चालणं, बोलणं, खर्च, सगळं ठाऊक असतं. पंधरा वर्षांच्या या नोंदींवरून तुमचं एक गणिती रूप तयार होतं. त्या दिवशीचं नागपूरही तसंच तयार करतो, रहदारीसकट. मग विमान उडवतो, आणि त्या रूपाला मोकळं सोडतो. एकदा नाही, दहा हजार वेळा. घडलेला दिवस आणि घडू शकला असता तो दिवस, यांतला फरक म्हणजे नुकसान."

"मग माझं शून्य कसं येतं?"

"उत्पलाताई, शून्य आलेल्या माणसाला त्या न घडलेल्या दिवसाचा मार्ग बघायचा हक्क आहे. पण बघायलाच हवा असं नाही. मी दर वेळी सांगते, बघू नका."

"मी त्यासाठीच आलेय."

पडद्यावर नागपूरचा नकाशा उघडला. विमानतळावर एक निळा ठिपका उमटला. एक पंचवीस, विमान उतरलं. एक अठ्ठावन्न, टॅक्सी. ठिपका वर्धा रोडने सरळ निघाला. उत्पला पुढे वाकून बघत होती. रुग्णालय धंतोलीत होतं, अजून दहा-बारा मिनिटं.

छत्रपती चौकात ठिपका डावीकडे वळला.

"हा चुकलाय," उत्पला म्हणाली.

ठिपका प्रतापनगरात एका इमारतीपाशी थांबला. तिथे यामिनी राहायची, तिची कॉलेजातली मैत्रीण. त्या दिवशी नागपूरला पोचल्यावर यामिनीची आठवण तरी आली असती का, उत्पलाला सांगता आलं नसतं. दोन चाळीस. तीन दहा. ठिपका हलत नव्हता. तीन बावीसला बाजूला एक ओळ उमटली : भावाचा फोन. उचलला.

त्याखाली तिचं संभाव्य उत्तर होतं : 'अरे, विमान अजून सुटलंच नाही.'

चार वीसला ठिपका तिथेच होता.

"खोटं आहे हे!" उत्पला ताडकन उठली. "मी गेले असते! तिकीट मी काढलं होतं!"

"दहा हजारांपैकी नऊ हजार सहाशे वेळा तुम्ही गेला नाहीत. पंच्याण्णव टक्क्यांच्या वर गेलं की कायदा तेच खरं धरतो. घडलेल्या दिवशीही भेट नाही, न घडलेल्या दिवशीही नाही. म्हणून शून्य."

"तुमच्या यंत्राला काय कळतंय माझ्या मनातलं?"

डॉक्टरांनी आलेख उघडला. विमानतळावर थांबलेली असताना तिची नाडी एकशे बारा होती, सलग दीड तास. बारा वाजून चार मिनिटांनी विमान रद्द झाल्याचा संदेश आला. बारा अकराला नाडी शहात्तरवर उतरली होती.

उत्पला त्या उतरत्या रेषेकडे बघत राहिली. तिला आठवलं. संदेश वाचून ती खुर्चीत मागे टेकली होती आणि तिने कॉफी मागवली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

डॉक्टरांनी सहीची पाटी पुढे सरकवली. 'निकाल मान्य.' त्या काही सांगू लागल्या, "सही करण्याआधी एक..." पण उत्पलाला त्या खोलीत क्षणभरही थांबायचं नव्हतं. तिने सही ओढली आणि जिना उतरली.

शिरीष बाकावरून उठला. "काय म्हणाले? देतात का लिहून?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ती तीन बावीसची ओळ तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तिने सगळं सांगितलं. यामिनीचं घर, फोन, नाडीसुद्धा.

शिरीष पुन्हा बाकावर बसला.

"मी त्यांच्या कानात सांगितलं होतं," तो म्हणाला. "ताई निघाली आहे, विमानामुळे अडकली. ते ऐकून हसले होते, ताई."

तो ओरडेल, निघून जाईल, असं उत्पलाला वाटत होतं. तो फरशीकडे बघत होता. मग त्याने मान वर केली.

"नऊ हजार सहाशे वेळा नाही गेलीस. उरलेल्या चारशे वेळा?"

"काय?"

"चारशे वेळा तू पोचलीस ना? मग काय बोलले बाबा तुझ्याशी?"

हे तिच्या मनातच आलं नव्हतं. पुढच्या क्षणी ती दोन-दोन पायऱ्या चढत वर धावत होती.

डॉ. मुजावर अजून तिथेच होत्या.

"त्या चारशे वेळा," उत्पलाला धाप लागली होती, "मी बाबांना भेटले? बोललो आम्ही?"

"हो."

"मला बघायचंय. एकदाच. कुठलीही एक भेट."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तेच सांगत होते. निकाल मान्य झाला की बाकीचे मार्ग आपोआप पुसले जातात. माणसाने त्यांत अडकून पडू नये म्हणून कायद्यानेच तसं ठरवलंय."

"पण चारशे होते ना? एक तरी राहिला असेल!"

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर नागपूरचा नकाशा होता, आणि त्यात एकच निळा ठिपका, प्रतापनगरात.