फ्रीझरमधले बांगडे

सोमवारी सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर अर्धवट उघडा सापडला. दारात एक पिशवी अडकली होती आणि पिशवीत सहा बांगडे होते. बर्फ वितळून आत तळं झालं होतं. डॉ. गुरुप्रसादांचे तीन वर्षांचे नमुने त्यात भिजत पडले होते, आणि उद्या मुंबईची समिती तेच नमुने समोर तपासून बघणार होती.

प्राचार्यांनी घाईघाईने सावित्रीबाई मयेकरांना बोलावलं. बाईंनी इथेच तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं होतं. फुगलेल्या माणसांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता, आणि गुरुप्रसादांइतका फुगलेला माणूस साऱ्या रत्नागिरीत नव्हता.

"तुळसाचं काम आहे," गुरुप्रसाद खुर्चीतून न उठता म्हणाले. "मासळी विकणाऱ्यांची पोर प्रयोगशाळेत घेतली की दुसरं काय होणार? मी तर मासळीला शिवतही नाही. तिच्या कायम नोकरीची ऑर्डर तुमच्या टेबलावर आहे ना, सर? फाडून टाका."

तुळसा मिरकरवाडा बंदरावरची. अकरा वर्षं रोजंदारीवर नळ्या धूत होती, आणि त्या एका सहीसाठी थांबली होती.

"किल्ल्या कोणाकडे?" बाईंनी विचारलं.

"तिघांकडे. मी, तुळसा आणि माझी संशोधक विद्यार्थिनी तेजस्वी. तीही किनाऱ्यावरची, पूर्णगडची."

बाईंनी तुळसाला पिशवी दाखवली. "तुझी?"

"नाय ओ बाई!" तुळसाने एक बांगडा उचलून दाबला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याचं पोट पण नाय काढलेलं. घाणीसकट ठेवलंन! असा मासा आमच्यात कोण ठेवील?"

तेजस्वीनेही बांगडा बघून नाक मुरडलं. बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"नमुन्यांत काय आहे?"

"कॅन्सरच्या पेशी. कातळसड्यावरच्या एका झुडपाचा अर्क घातला की त्या आपणहून मरतात, असा सरांचा शोध आहे."

"तू करून बघितलंस?"

तेजस्वी घुटमळली. "चार वेळा. चाचणीत रंग आला नाही. सर म्हणाले, तुझ्या हाताला वळण नाही."

"तुलनेसाठी काही ठेवलं होतंस?"

"हो. ओळखीचं औषध घालून मारलेल्या पेशींची एक नळी. त्याच दिवशी केलेली, त्याच डब्यात आहे."

"सरांना ठाऊक आहे?"

"सरांनी डबा कधी उघडलाय, बाई?"

बाईंनी तो डबा मागवला. दोन तासांनी त्या प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या तेव्हा गुरुप्रसाद चहा पीत होते. बाईंनी टेबलावर सहा नळ्या मांडल्या. पाच पाण्यासारख्या होत्या, सहावी फिकट पिवळी.

"सर, तुम्हाला समजेल असं सांगते," त्या प्राचार्यांना म्हणाल्या. "प्रत्येक पेशीत कॅस्पेज नावाची विकरं निजलेली असतात. मरायचा निरोप आला की ती जागी होतात आणि पेशीला आतून शिस्तीत कापून काढतात. ती जागी झाली असतील तर हे रसायन पिवळं होतं. या पाच नळ्या डॉक्टरांच्या अर्काच्या."

"वितळल्यावर विकर टिकणारच नाही!" गुरुप्रसाद ओरडले. "म्हणून तर नुकसान झालं!"

"सहावी तेजस्वीची. तोच डबा, तेच पाणी, तेवढाच वेळ. तिच्यातलं टिकलं. तुमच्यातलं मेलं नाही, डॉक्टर, ते जागं झालंच नव्हतं. तुमच्या अर्काने पेशीला साधा निरोपही पोचवला नाही. आकडे तुम्ही घरी बसून लिहिलेत. उद्या समितीपुढे पाण्यासारख्या नळ्या निघाल्या असत्या, म्हणून आज सगळं वितळायला हवं होतं."

"आणि बांगडे?" प्राचार्यांनी विचारलं.

"तुळसाच्या माथी मारायला. ती बंदरावरची, तेव्हा बांगडे तिचेच, एवढीच यांची अक्कल. पण तुळसा काय न् तेजस्वी काय, मासा ठेवायच्या आधी पोट काढतात. ते ठाऊक नसणारा किल्लीवाला एकच. एवढे शिकलात, डॉक्टर, आणि बांगडा साफ करून ठेवतात हे कळू नये?"

"त्या विकणारीने मला तसं काही सांगितलंच नाही—"

गुरुप्रसादांनी कप खाली ठेवला.

बाईंना गुरुप्रसादांची कीवसुद्धा आली नाही. लबाडी करायची तीही या माणसाला धड जमली नव्हती.

प्राचार्यांनी समितीला फोन लावला. मग ऑर्डर पुढे ओढून सही केली आणि तुळसाला आत बोलावलं. तिने कागद दोनदा वाचला, पदराने डोळे पुसले, आणि जाताना ती बांगड्यांची पिशवी गुरुप्रसादांच्या समोर ठेवली.

"सायेब, तुमची मासळी. आता साफ तुम्हीच करा."