शीतगृहाचं दार

पटलं नाही तर सोडून द्या, पण घडलंय ते खरं आहे. नीन्के माझी शेजारीण. तिची दशा मी रोज बघतो.

गेल्या फेब्रुवारीतला बुधवार. भर दुपार. नेदरलँड्सच्या उत्तरेकडचं एक विद्यापीठ, नाव सांगत नाही. रसायनशास्त्राची जुनी प्रयोगशाळा पाडून तिथे नवी बांधत होते. जुनं काहीच वाया घालवायचं नाही, हा नीन्केचा हट्ट. विटा, खिडक्या, तुळया, सगळं नव्या इमारतीत लागत होतं. कामावर मुख्य तीच, आणि सुतारकाम तिच्या धाकट्या भावाकडे, येल्मरकडे.

तळघरातल्या शीतगृहाचं जाडजूड दारही तिने सोडलं नाही. वरच्या मजल्यावर एका भिंतीला चौकटीसकट लावून घेतलं. नुसतं शोभेला. मागे खोली नाही. उघडलं की वीतभर पोकळी, मग विटा.

त्या दुपारी सगळे पाव-चीज खात बसले होते.

आणि...

ठक. ठक. ठक.

अगदी सावकाश. दाराच्या आतून.

येल्मरने उठून दार उघडलं. विटाच. गार हवा तेवढी अंगावर आली.

"नीन, तुझ्या भंगाराबरोबर भाडेकरू पण आलाय बघ," तो म्हणाला. सगळे हसले. नीन्केही हसली. दार लाव आणि गपचूप जेव, म्हणाली.

त्याने लावलं.

पुन्हा तेच ठोके...

आता कोणी हसलं नाही. येल्मरने दार उघडलं, एक पाय पोकळीत टाकला आणि वाकून विटा चाचपू लागला. दार हळूच त्याच्या पाठीमागे लागलं.

नीन्केने धावत जाऊन उघडलं.

विटा.

येल्मर नव्हता.

तासाभरात दारामागची भिंत फोडली. पलीकडे विद्यार्थ्यांसाठीचा वाचनकक्ष, बाकी काही नाही. पोलीस आले, कुत्री आली. कुत्री दारापाशी बसली ती उठेचनात.

संध्याकाळी नीन्केने दार लावलं आणि त्याला टेकून रडत बसली.

तेव्हा आतून ठोके आले. घाईघाईचे, येल्मरचे.

"नीन, उघड ना. गारठलोय मी."

तिने झटकन उघडलं. कोणी नाही, आवाजही नाही. लावलं...

"नीन? उघडतेस ना?"

तिने उघडलं होतं, हे त्याला कळलंच नव्हतं.

ते पहिले सावकाश ठोके मात्र पुन्हा कोणी ऐकले नाहीत. ते कोणाचे होते आणि तो आता कुठे आहे, याचा विचार मी टाळतो.

नीन्के रोज तिथे जाऊन बसते. दार ती आता उघडत नाही. उघडलं की त्याचा आवाज तुटतो, आणि तेवढंही तिला सोसत नाही. तो विचारतो, तेव्हा ती सांगते, "चावी शोधतेय रे. जरा थांब."

त्या दाराला कुलूपच नाही.

काल जिन्यात भेटली. येल्मर त्या दिवशी काय म्हणाला, ते तिने सांगितलं.

"नीन, सावकाश शोध. आता थंडी वाजत नाही."