भुवई बदकाचं वजन

तलावात पाणी भरपूर होतं, पाणवनस्पतीही होत्या. तरी सत्तावीस क्रमांकाच्या बदकाचं वजन वाढत नव्हतं. मार्च उजाडला, तरी काटा तीनशे दहा ग्रॅमवरच. लावण्या रोज सकाळी पडद्यावर आकडा बघायची आणि आलेखात टिपायची.

ती भुवई बदकाची मादी होती. तिच्या पाठीवर चिंचोक्याएवढा प्रक्षेपक (ठावठिकाणा कळवणारं यंत्र) होता. तलावातल्या तरंगत्या वजनकाट्यावर ती विसावली, की वजन आपोआप नोंदलं जाई.

"तिला कझाकस्तान गाठायचंय," आजोबा म्हणाले. लावण्याच्या आईचे वडील डॉक्टर टेंभरे चाळीस वर्षं पाणपक्ष्यांचा अभ्यास करत होते. "अंगावरची चरबी हेच तिचं इंधन. एवढ्याशा चरबीवर निघाली, तर वाटेतच थकेल."

"मग तलावात खात का नाही?"

"ती बुडी मारत नाही. चोच पोहोचेल तेवढंच खाते. यंदा तलाव खोल भरलाय."

चार दिवसांनी, ऊन कलल्यावर, पडद्यावरचा ठिपका हलला आणि यादोराव तुरकरांच्या धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात) जाऊन थांबला. दोघं बांधावर पोहोचले. कापणीनंतरचे खुंट उभे होते आणि कालव्याच्या पाझराचं घोटाभर पाणी साचलं होतं. वीसेक बदकं चिखलात चोची घालून भराभर खात होती.

आजोबांनी बांधाकडेचा चिखल ओंजळीत घेतला. त्यात गळालेले दाणे होते, गोगलगायी होत्या, वळवळणाऱ्या अळ्या होत्या.

"दाण्यांतून उडायला ताकद मिळते. किड्यांतून प्रथिनं (शरीर घडवणारा अन्नघटक) मिळतात. तिकडे जाऊन अंडी घालायची, तर तीही हवीत. अशा जागेला थांबा-अधिवास (प्रवासात विसावा आणि अन्न देणारी जागा) म्हणतात."

तेवढ्यात यादोराव आले. "डॉक्टरसाहेब, उद्या चर खणून पाणी काढतो. बिनचालकाचा ट्रॅक्टर सांगितलाय. मुगाची पेरणी लांबली, तर पीक पावसात सापडतं."

लावण्याने त्यांना वजनाचा आलेख दाखवला. "काका, आठ दिवस थांबाल?"

"सगळं शेत नाही थांबवता येत, बेटा." यादोरावांनी बदकांकडे पाहिलं. "वरच्या दोन बांध्या नांगरतो. ही खालची राहू दे. तशीही ती उशिराच वाळते."

बांधीत चरून ती विसावायला तलावातल्या काट्यावर परतायची. वजन तीनशे अठरा झालं, मग तीनशे चाळीस, मग तीनशे बहात्तर. नवव्या दिवशी काटा रिकामा होता. ठिपका उत्तरेकडे सरकत गेला आणि हिमालयाजवळ दिसेनासा झाला. तीन दिवस लावण्याला जेवण गोड लागलं नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी ठिपका पुन्हा उमटला. कझाकस्तानात, वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलेल्या गव्हाच्या शेतात.

"तिकडेही शेतच," लावण्या हळूच म्हणाली. "म्हणजे वाटेतली शेतं लवकर सुकली, तर..."

"तर प्रवास तुटतो," आजोबा म्हणाले.

ती धावत यादोरावांकडे गेली. ते मुगाच्या कोवळ्या रोपांत उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पुढच्या वर्षी चर कधी खणायचा, ते आधी सांगून ठेव," ते म्हणाले. "शेजारच्या कटरेंनाही विचारतो. त्यांचीही एक बांधी पाण्यातच असते."

त्या दुपारी लावण्याने गावाचा नकाशा उघडला आणि उशिरा वाळणाऱ्या बांध्या एकेक करून निळ्या रंगवायला घेतल्या.